३३० ओहम आणि एक लाल एलईडी : सिंगल बोर्ड कॉम्प्युटरच्या पिनवरून पहिला दिवा

एलईडी पेटवणं पाच मिनिटांचं काम आहे. न पेटलेल्या एलईडीसमोर बसून कारण शोधण्यात मात्र अख्खी संध्याकाळ जाते, कारण चूक तारेत आहे, ब्रेडबोर्डात आहे, पिनच्या क्रमांकात आहे की प्रोग्रॅममध्ये, हेच कळत नाही. म्हणून इथे आधी एकही ओळ न लिहिता दिवा पेटवायचा, मग एका कमांडने, आणि सगळ्यात शेवटी पायथॉनने. दर टप्प्याला एकच गोष्ट बदलते. दिवा विझला, तर दोष त्या बदललेल्या गोष्टीतच असतो.

उदाहरणासाठी ४० पिनांचा रास्पबेरी पाय हा सिंगल बोर्ड कॉम्प्युटर घेतला आहे. २०१४ साली आलेल्या बी प्लसपासून पुढच्या नेहमीच्या सगळ्या मॉडेल्सवर ही ४० पिनांची मांडणी तीच आहे. मराठीत लिहिताना मात्र एक गंमत होते: बोर्डाचं नाव ‘पाय’ आणि एलईडीलाही दोन पाय. घोटाळा नको म्हणून इथून पुढे बोर्डाला बोर्ड म्हटलं आहे. ‘पाय’ म्हणजे एलईडीच्या तारा.

सामान

- ५ मिलिमीटरचे लाल एलईडी, दोन-तीन. एक खराब निघाला तर तुलनेला दुसरा हवा.
- ३३० ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर, दोन. जवळ १ किलोओहमचा असला तर तोही ठेवा.
- ब्रेडबोर्ड, छोटा चालेल.
- फिमेल-टू-मेल जंपर वायर, चार. भोकाचं टोक बोर्डाच्या पिनवर बसतं, सुईचं टोक ब्रेडबोर्डात.
- साधा डिजिटल मल्टिमीटर. याच्याशिवायही दिवा पेटेल, पण न पेटल्यास अंधारात चाचपडावं लागेल.

पहिला एलईडी लालच घ्या. यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. निळा किंवा पांढरा या बोर्डावर का रडवतो, ते पुढे येईल.

पिन म्हणजे बॅटरी नव्हे

आउटपुट पिनला दोनच अवस्था माहीत असतात. ‘हाय’ असताना तिच्यावर सुमारे ३.३ व्होल्ट असतात, ‘लो’ असताना जवळपास शून्य. हे व्होल्टेज मुळात दुसऱ्या चिपला ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगण्यासाठी आहे. मोटर फिरवायला किंवा खोली उजळायला नाही. एका पिनमधून १६ मिलिअँपिअरच्या वर प्रवाह घेऊ नये आणि सगळ्या पिना मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत राहावं, हा या बोर्डांसाठी रूढ झालेला सुरक्षित नियम आहे. एका एलईडीला ४ ते ५ मिलिअँपिअर पुरतात, तेव्हा एका दिव्याची काळजी नको. पण दहा-बारा एलईडी लावायचे ठरवलंत, तर ही बेरीज आधी कागदावर करा.

इथे एक गैरसमज हमखास आढळतो. सेटिंगमध्ये पिनची ‘ड्राइव्ह स्ट्रेंग्थ’ २ ते १६ मिलिअँपिअर अशी बदलता येते, म्हणजे पिन आपोआप तेवढ्यावर प्रवाह रोखते, असं अनेकांना वाटतं. ती रोखत नाही. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की तेवढा प्रवाह घेतला तरी पिनवरचं व्होल्टेज ‘हाय’ म्हणून ओळखू येण्याइतकं टिकेल. त्याहून जास्त ओढलात तर व्होल्टेज खाली येईल आणि चिप तापेल. पण पिन स्वतः ‘बस’ म्हणणार नाही. तो शब्द म्हणायला रेझिस्टर लागतो.

रेझिस्टर किती ओहमचा?

एलईडीचा स्वभाव बल्बसारखा नाही. त्याच्यावरचं व्होल्टेज एका ठराविक पातळीखाली असेल तर प्रवाह जवळपास वाहतच नाही. ती पातळी ओलांडली की थोड्या वाढीनेही प्रवाह भराभर चढतो. लाल एलईडीसाठी ही पातळी १.८ ते २.२ व्होल्ट असते. म्हणजे ३.३ पैकी साधारण २ व्होल्ट एलईडी खातो आणि उरलेले १.३ व्होल्ट रेझिस्टरच्या वाट्याला येतात. आता ओहमचा नियम लावा:

रेझिस्टर = (पिनचं व्होल्टेज − एलईडीचं व्होल्टेज) ÷ प्रवाह

५ मिलिअँपिअर हवेत, तर १.३ ÷ ०.००५ = २६० ओहम. या मापाचा रेझिस्टर नेहमीच्या संचात नसतो. जवळचे २२०, २७० आणि ३३०. २२० घेतला तर प्रवाह सुमारे ५.९ मिलिअँपिअर, ३३० घेतला तर ३.९, आणि १ किलोओहम घेतला तर १.३. तिन्ही सुरक्षित आहेत. हल्लीचे एलईडी इतके तेजस्वी असतात की १ किलोओहमवरही टेबलावर ठेवलेला दिवा स्पष्ट दिसतो. शंका असेल तेव्हा मोठं माप घ्या: चूक झाली तर दिवा मंद दिसेल, एवढंच. रेझिस्टरवर खर्च होणारी शक्ती ५ मिलिवॅटच्या आसपास आहे, त्यामुळे पाव वॅटचा रेझिस्टर तापण्याचा प्रश्नच नाही.

रंगपट्ट्या नीट पाहा. चार पट्ट्यांचा ३३० ओहम म्हणजे नारिंगी, नारिंगी, तपकिरी, सोनेरी. पाच पट्ट्यांचा असेल तर नारिंगी, नारिंगी, काळा, काळा आणि शेवटी बहुधा तपकिरी. घात होतो तो चार पट्ट्यांच्या तिसऱ्या पट्टीत: ती पिवळी असेल तर माप ३३० किलोओहम आहे आणि दिवा जवळपास दिसणारच नाही, काळी असेल तर फक्त ३३ ओहम. दिव्याच्या पिवळ्या उजेडात तपकिरी, लाल आणि नारिंगी यांत फरक करणं अवघड जातं. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एकदा मोजलं की वाद मिटतो.

‘रेझिस्टर न लावताही माझा एलईडी पेटला’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि ते खोटं बोलत नसतात. पिनच्या आतल्या ट्रान्झिस्टरला स्वतःचा थोडा रोध असतो, तो प्रवाहाला काहीसा आवर घालतो. पण तेव्हा किती प्रवाह वाहतोय हे ना तुम्हाला माहीत असतं, ना चिप बनवणाऱ्याने त्याची हमी दिलेली असते. बोर्ड त्याच दिवशी जळत नाही, म्हणूनच ही सवय लागते.

पिन कशी मोजायची

बोर्ड समोर ठेवा. यूएसबीचे पोर्ट तुमच्याकडे आणि ४० पिनांची पट्टी उजव्या कडेला. आता पट्टीचं वरचं टोक पाहा: आतल्या बाजूची पहिली पिन क्रमांक १, तिच्या शेजारची, बोर्डाच्या कडेकडची, क्रमांक २. पुढे आतली रांग १, ३, ५, ७ अशी विषम आणि कडेची रांग २, ४, ६, ८ अशी सम. पिन १ च्या डाखाचा ठिपका बोर्डाच्या पाठीवर चौकोनी असतो, बाकीचे गोल. पट्टी उलटी धरली आहे का याची शंका आली तर तो पाहून घ्या.

आपल्याला लागणाऱ्या पिना तीन:

- पिन १ : ३.३ व्होल्ट, कायम चालू.
- पिन ६ : ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची, ऋण बाजू. (९, १४, २०, २५, ३०, ३४ आणि ३९ याही ग्राउंडच.)
- पिन ११ : जीपीआयओ (प्रोग्रॅममधून इनपुट किंवा आउटपुट करता येणारी पिन) १७, हीच आपली आउटपुट पिन.

नवशिक्यांचे सर्वांत जास्त तास इथे वाया जातात. प्रत्येक पिनला दोन क्रमांक असतात. एक पट्टीवरची जागा, दुसरा चिपच्या आतला जीपीआयओ क्रमांक. पायथॉनच्या बहुतेक उदाहरणांत दुसरा वापरतात. प्रोग्रॅममध्ये १७ लिहिलेलं वाचून कुणी पट्टीवरची सतरावी पिन मोजतो आणि तार तिथे लावतो. ती पिन ३.३ व्होल्टची निघते! दिवा लगेच पेटतो, आनंद होतो, आणि मग तो काही केल्या विझत नाही. ‘एलईडी कायम चालू’ ही तक्रार आली की पहिला संशय याच चुकीचा घ्यावा. उलट प्रोग्रॅममध्ये ११ लिहिलं, तर जीपीआयओ ११ म्हणजे पट्टीवरची २३ वी पिन हलते आणि तुमचा दिवा थंड राहतो. गोंधळात आणखी भर नको म्हणून सांगून ठेवतो: जुन्या वायरिंगपाय लायब्ररीची तिसरीच मोजणी आहे, तिच्यात हीच पिन क्रमांक ० असते. उदाहरण कुठल्या मोजणीतलं आहे हे पाहिल्याशिवाय तार लावू नका.

टर्मिनलमध्ये ‘पिनआउट’ ही कमांड दिली की तुमच्याच बोर्डाचा नकाशा दोन्ही क्रमांकांसह समोर येतो. (या लेखात कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा. अपवाद असेल तिथे सांगितलं आहे.)

जोडणी

बोर्ड बंद करा आणि वीजपुरवठ्याची केबल काढा. नुसतं शटडाउन पुरेसं नाही. केबल लावलेली असेपर्यंत ५ व्होल्टच्या पिना जिवंत असतात. पिन २ आणि ४ वर ५ व्होल्ट आहेत, त्यांची तार चुकून जीपीआयओ पिनला लागली तर ती पिन, आणि कधी अख्खा बोर्ड, कामातून जातो. या पिना ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाहीत.

ब्रेडबोर्डात मधल्या खाचेच्या एका बाजूची ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात. खाचेपलीकडची पाच वेगळी. कडेच्या लांब पट्ट्या उभ्या जोडलेल्या असतात, पण काही मोठ्या ब्रेडबोर्डांत त्या मध्यावर तुटलेल्या असतात. आपल्याला कडेच्या पट्ट्या लागणारच नाहीत, त्यामुळे तो सापळा टळतो.

१. एलईडीचा लांब पाय म्हणजे ॲनोड, धन बाजू. आखूड पाय कॅथोड. पाय कापलेले असतील तर कडेवरून बोट फिरवा. जिथे गोल कड सपाट झाली आहे ती कॅथोडची बाजू.

२. लांब पाय ओळ १० मध्ये, आखूड पाय ओळ ११ मध्ये खोचा. दोन्ही एकाच ओळीत गेले तर एलईडीची दोन टोकं जोडली जातात आणि तो पेटत नाही.

३. रेझिस्टरचं एक टोक ओळ १० मध्ये, दुसरं ओळ ५ मध्ये. रेझिस्टरला दिशा नसते. तो एलईडीच्या आधी असो की नंतर, प्रवाह तोच राहतो, कारण वाट एकच आहे.

४. ओळ ११ मधून एक जंपर बोर्डाच्या पिन ६ ला. काळी तार असेल तर हीच वापरा.

५. ओळ ५ मधून दुसरा जंपर बोर्डाच्या पिन १ ला. हो, ११ नाही, सध्या १ च.

पिन १ च्या शेजारीच पिन २ आहे. भोक बरोबर कुठल्या पिनवर बसलं ते वरून आणि बाजूने, दोन्हीकडून पाहा, मग केबल लावा.

टप्पा पहिला : प्रोग्रॅमशिवाय

केबल लावताच दिवा पेटायला हवा. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू व्हायची वाटही पाहायची नाही. पेटला, म्हणजे एलईडी, त्याची दिशा, रेझिस्टर, ब्रेडबोर्डाच्या ओळी आणि ग्राउंड, या पाचही गोष्टी बरोबर आहेत. यापुढे कुठलीही अडचण आली तरी यांच्यावर संशय घ्यायचं कारण नाही.

नाही पेटला? केबल काढा, एलईडी उलटा खोचा, पुन्हा लावा. उलटा लावल्याने एलईडी जळेल ही भीती इथे अनाठायी आहे. नेहमीचे एलईडी उलट दिशेने ५ व्होल्टपर्यंत सहन करतात, आपल्याकडे ३.३ च आहेत.

टप्पा दुसरा : एक कमांड

बोर्ड बंद करून केबल काढा. पिन १ वरची तार उचलून पिन ११ वर बसवा. बाकी कशालाही हात लावू नका. बोर्ड सुरू केल्यावर दिवा विझलेला दिसेल, आणि ते बरोबरच आहे: सुरुवातीला ही पिन इनपुट असते आणि आतल्या मोठ्या रोधाने खाली, ग्राउंडकडे ओढलेली असते.

टर्मिनलमध्ये ‘पिनसीटीआरएल सेट १७ ओपी डीएच’ द्या. ‘ओपी’ म्हणजे आउटपुट, ‘डीएच’ म्हणजे हाय. दिवा पेटेल. शेवटच्या शब्दाऐवजी ‘डीएल’ दिलं की विझेल. (नाव स्पेलिंगने लिहायचं: पी, आय, एन, सी, टी, आर, एल. आकडे इंग्रजी.) ही कमांड दुसरा कुठला प्रोग्रॅम पिन वापरतोय का, याची विचारपूस करत नाही, म्हणून तपासणीपुरतीच ठेवा.

जुन्या लेखांत ‘एक्सपोर्ट’ नावाच्या फाइलमध्ये १७ लिहायची पद्धत सापडेल. ती कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, केव्हाच निवृत्तीला काढली आहे. नव्या कर्नलवर तिथले क्रमांक १७ पासून नव्हे तर पाचशेच्या पुढून मोजले जातात, त्यामुळे ‘अवैध आर्ग्युमेंट’ अशी तक्रार येते. तुमची चूक नसते. लेख जुना असतो.

टप्पा तिसरा : पायथॉन

जीपीआयओझीरो ही लायब्ररी रास्पबेरी पाय ओएसच्या डेस्कटॉप आवृत्तीत आधीपासून असते. पाच ओळींचा प्रोग्रॅम आहे, शब्दांत असा:

१. फ्रॉम जीपीआयओझीरो इम्पोर्ट एलईडी. इथे एलईडी हा क्लास तिन्ही मोठ्या अक्षरांत. छोट्या अक्षरांत लिहिलात तर सापडणार नाही.

२. फ्रॉम सिग्नल इम्पोर्ट पॉज.

३. दिवा = एलईडी, पुढे कंसात १७.

४. दिवा, टिंब, ब्लिंक आणि रिकामा कंस.

५. पॉज आणि रिकामा कंस.

तिसऱ्या ओळीतलं ‘दिवा’ खरोखरच देवनागरीत लिहिता येतं. पायथॉन ३ ला व्हेरिएबलचं नाव मराठीत चालतं. १७ हा आकडा मात्र देवनागरीत चालत नाही, चूक म्हणून परत येतो.

चालवल्यावर दिवा एक सेकंद पेटेल, एक सेकंद विझेल, आणि कंट्रोल-सी दाबेपर्यंत हेच चालेल. वेग बदलायचा तर ब्लिंकच्या कंसात दोन आकडे द्या, पहिला पेटण्याचे सेकंद, दुसरा विझण्याचे. ०.२ आणि ०.८ देऊन पाहा.

पाचवी ओळ वगळली तर काय होतं? प्रोग्रॅम लगेच संपतो. संपताना जीपीआयओझीरो पिन पुन्हा मूळ अवस्थेत सोडते, आणि दिवा एखादी चमक दाखवून किंवा तेवढंही न दाखवता विझतो. ‘ऑन’ लिहूनही दिवा पेटत नाही, यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

आणखी काही ठरलेले खड्डे:

फाइलला जीपीआयओझीरो किंवा सिग्नल हे नाव देऊ नका. पायथॉन लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि ‘एलईडी इम्पोर्ट करता येत नाही’ म्हणतो.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथॉनचा वेगळा, स्वतंत्र कप्पा) बनवून त्यात काम करत असाल, तर सिस्टिमसोबत आलेली लायब्ररी तिथून दिसत नाही. एन्व्हायर्नमेंट बनवतानाच सिस्टिमची पॅकेजेस दिसू देण्याचा पर्याय द्या.

‘जीपीआयओ बिझी’ आलं, तर आधीचा प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत अजून चालू आहे. ‘परवानगी नाही’ आलं, तर तुमचा युजर जीपीआयओ नावाच्या गटात नाही. सगळं सुपरयुजर होऊन चालवण्यापेक्षा त्याला गटात घालणं चांगलं.

२०२३ साली आलेल्या मॉडेल ५ वर पिना आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेल्या. पूर्वीची आरपीआय-जीपीआयओ ही लोकप्रिय लायब्ररी थेट जुन्या चिपच्या रजिस्टरांत लिहीत असे, म्हणून ती तिथे चालत नाही. जीपीआयओझीरोचा वरचा प्रोग्रॅम मात्र दोन्हीकडे जसाच्या तसा चालतो.

दिवा पेटत नसेल, तर मीटर काय सांगतो

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि ब्रेडबोर्डावर मोजा, बोर्डाच्या पिनांवर नाही. तिथे सुई घसरून पिन १ आणि २ एकमेकींना टेकल्या तर ३.३ व्होल्टच्या वाटेवर ५ व्होल्ट जातात, आणि बोर्ड मेला असं समजा. मीटरची लाल तार अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, हेही पाहा. तशा मीटरने व्होल्टेज मोजणं म्हणजे दोन टोकं तारेने जोडणंच.

पिन हाय असताना तीन जागा मोजा: ओळ ५ ते ओळ ११ (एकूण), रेझिस्टरची दोन टोकं, एलईडीचे दोन पाय.

एकूण ३.३, रेझिस्टरवर १.३ ते १.४, एलईडीवर १.९ ते २ : सगळं ठीक. १.३ ला ३३० ने भागा, सुमारे ४ मिलिअँपिअर. प्रवाह मोजायला वायर तोडायची गरजच नाही.

एकूण ३.३, रेझिस्टरवर ०, एलईडीवर पूर्ण ३.३ : प्रवाह वाहतच नाही. एलईडी उलटा आहे, किंवा आतून तुटला आहे.

रेझिस्टरवर ३.३, एलईडीवर ० : एलईडीचे पाय जोडले गेले आहेत, बहुधा एकाच ओळीत आहेत.

सगळीकडे शून्य : पिन हाय नाही, किंवा दोनपैकी एक जंपर सैल आहे किंवा चुकीच्या पिनवर आहे. तार परत पिन १ वर नेऊन पाहा. तिथे पेटला, तर दोष क्रमांकात किंवा प्रोग्रॅममध्ये.

एलईडीवर १.२ च्या आसपास, प्रवाह वाहतोय, आणि तरी अंधार : हातात आलेला पारदर्शक एलईडी रिमोट कंट्रोलमधला, अवरक्त प्रकाशाचा आहे. फोनच्या कॅमेऱ्यातून पाहा, बऱ्याच कॅमेऱ्यांत तो फिकट जांभळा चमकताना दिसतो.

कधीकधी उलटी तक्रार असते: पिनला काहीच सांगितलं नाही तरी दिवा मिणमिणतो. जीपीआयओ ० ते ८ या पिना सुरुवातीला वर, ३.३ व्होल्टकडे ओढलेल्या असतात. त्यातल्या २ आणि ३ वर तर बोर्डावरच १.८ किलोओहमचे रेझिस्टर डाखलेले आहेत, त्यामुळे तिथे लावलेला एलईडी चांगलाच दिसतो. जीपीआयओ १४ वर सीरियल पोर्ट आहे. सीरियल कन्सोल चालू असेल तर बोर्ड सुरू होताना तिथला दिवा आपसूक लुकलुकतो. १७ निवडण्याचं कारण हेच, तिच्यावर असलं काही नाही.

निळा, पांढरा, आणि जास्त प्रकाश

निळ्या आणि पांढऱ्या एलईडीला ३ ते ३.४ व्होल्ट लागतात. ३.३ मधून ३ गेले की रेझिस्टरसाठी ०.३ उरतात. एकाच पाकिटातले दोन एलईडी ०.१ व्होल्टने वेगळे निघाले तरी एक दुसऱ्याहून ठळकपणे मंद दिसतो, आणि एखादा जेमतेमच पेटतो. गडद हिरव्या रंगाचे नवे एलईडीही याच जातीचे. जुने, पिवळसर हिरवे मात्र २.१ च्या आसपास पेटतात. नुसतं ‘हिरवा’ म्हणून गृहीत धरू नका.

यावर एक जुगाड सुचतो: ५ व्होल्टवरून एलईडी लावून त्याचं दुसरं टोक पिनला द्यायचं, आणि पिन लो केली की तो पेटवायचा. करू नका. पिन हाय असतानाही ५ आणि ३.३ मध्ये १.७ व्होल्टचा फरक राहतो. लाल एलईडी त्यावर मंद तेवत राहतो आणि प्रवाह उलटा पिनमध्ये शिरतो. पिन इनपुट झाली तर तिच्यावर ३.३ च्या वर व्होल्टेज चढण्याचा धोका वेगळाच.

सरळ उपाय म्हणजे एक एनपीएन ट्रान्झिस्टर, पिनच्या छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. बीसी५४७ असेल तर त्याची सपाट बाजू तुमच्याकडे करा, पाय खाली. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर ग्राउंडला. बेस १ किलोओहममधून पिन ११ ला. कलेक्टर एलईडीच्या आखूड पायाला, लांब पाय १०० ओहममधून पिन २ ला, म्हणजे ५ व्होल्टला. हिशोब असा: ५ मधून एलईडीचे ३.२ आणि ट्रान्झिस्टरचे ०.१ वजा, उरले १.७, भागिले १००, म्हणजे १७ मिलिअँपिअर. पिनवर मात्र (३.३ − ०.७) ÷ १००० = २.६ मिलिअँपिअरचाच भार. प्रोग्रॅम तोच राहतो.

बीसी५४७ ऐवजी २एन३९०४ वापरलात तर पायांचा क्रम उलटा आहे, एमिटर, बेस, कलेक्टर. २२२२ या आकड्याचे प्लॅस्टिकमधले ट्रान्झिस्टर तर दोन्ही क्रमांत मिळतात, सुरुवातीच्या अक्षरांवर ठरतं. डेटाशीट, म्हणजे बनवणाऱ्याचं माहितीपत्रक, उघडल्याशिवाय त्याला हात लावू नका.

एलईडीची लांब पट्टी चालवायची तर मॉसफेट लागेल, म्हणजे ‘गेट’ या पायावरच्या व्होल्टेजने उघडणारा ट्रान्झिस्टर. तिथे लोक डेटाशीटमधला ‘थ्रेशोल्ड’ वाचून फसतात. तो आकडा मॉसफेट जेमतेम उघडायला लागतो तेव्हाचा असतो. गेटवर २.५ व्होल्ट असताना त्याचा रोध किती, हे ज्या डेटाशीटमध्ये छापलं आहे तोच घ्या. आयआरएफझेड४४एनचा रोध १० व्होल्टवर दिलेला असतो, ३.३ वर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. आणि पट्टीला वेगळा वीजपुरवठा दिलात, तर त्याचं ऋण टोक बोर्डाच्या ग्राउंडला जोडलंच पाहिजे. नाहीतर पिनने दिलेल्या ३.३ व्होल्टला मोजायला संदर्भच उरत नाही.

एका रेझिस्टरवर दोन एलईडी समांतर जोडायचा मोह होतो. ज्याचं व्होल्टेज किंचित कमी तो बहुतेक प्रवाह खेचतो, दुसरा मंद राहतो. प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर द्या.

मंद आणि प्रखर

एलईडीऐवजी पीडब्ल्यूएमएलईडी हा क्लास (सगळी अक्षरं मोठी) घेतलात तर ‘व्हॅल्यू’ला ० ते १ मधला कुठलाही आकडा देता येतो. पिन सेकंदाला १०० वेळा चालू-बंद होते आणि डोळ्याला सरासरी दिसते. ०.५ दिल्यावर उजेड निम्मा दिसत नाही, बराच जास्त दिसतो, कारण डोळा मंद प्रकाशातले फरक जास्त टिपतो. आकड्याचा वर्ग करून द्या, म्हणजे ०.५ साठी ०.२५, चढउतार बराच सारखा वाटतो. हे चालू-बंद सॉफ्टवेअरकडून होतं, त्यामुळे बोर्डावर दुसरं जड काम सुरू झालं की उजेड थरथरतो.

बोर्ड दुसरा असेल तर

४० पिनांची पट्टी सारखी दिसली म्हणून आतलं सगळं सारखं नसतं. पहिला प्रश्न व्होल्टेजचा. ९६बोर्ड्सच्या मानकातल्या छोट्या पट्टीवर १.८ व्होल्ट असतात. तिथे लाल एलईडीही थेट नीट पेटत नाही, ट्रान्झिस्टरच हवा. (बेसचा रेझिस्टर तेव्हा ४७० ओहमचा घ्या.) जेटसन नॅनोवर पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, पण मध्ये बसवलेली लेव्हल शिफ्टर (व्होल्टेजची पातळी बदलणारी) चिप इतकी दुबळी आहे की एलईडी लावताच व्होल्टेज कोसळतं. तिथे बीसी५४७ चा बेसही तिला जड होतो. गेटला प्रवाह जवळपास न लागणारा, कमी व्होल्टेजवर उघडणारा मॉसफेट वापरा. बीगलबोन ब्लॅकच्या पिनांची क्षमता ४ ते ६ मिलिअँपिअर, म्हणून ३३० ऐवजी १ किलोओहम. त्या बोर्डाची आणखी एक अट आहे: तो पूर्ण सुरू होण्याआधी त्याच्या पिनांवर बाहेरून व्होल्टेज आलेलं चालत नाही. त्यामुळे बाहेरचा वीजपुरवठा वापरत असाल तर आधी बोर्ड, मग तो. बंद करताना उलट क्रमाने.